तळघरात पाणी, खांबाला तडा: मुंबईत दुरुस्तीचा खर्च कसा जोखायचा

सोसायटीच्या कमिटीवर नव्याने निवडून आलात आणि पहिल्याच पावसात पार्किंगच्या तळघरात घोटाभर पाणी साचलं, की सभेत पहिला प्रश्न येतो: ‘वॉटरप्रूफिंगला किती लागतील?’ याचं उत्तर त्या दिवशी कोणीही देऊ शकत नाही. जो कॉन्ट्रॅक्टर भिंतीकडे नुसतं बघून लगेच आकडा सांगतो, त्याच्यापासून सावध राहा. भिंतीवरच्या ओलीचा एकच डाग दोन हजारांत मिटू शकतो किंवा वीस लाखांचं काम काढू शकतो. पाणी कुठून येतंय यावर हे ठरतं. म्हणून आधी कारण, मग मोजमाप आणि शेवटी दर, या क्रमाने जाऊ.

१. पाणी कोणतं आहे ते ओळखा

तळघरात येणारं पाणी साधारण चार ठिकाणांहून येतं: जमिनीतलं पाणी, पावसाचं वाहून आलेलं पाणी, पालिकेच्या पाण्याची फुटलेली लाइन किंवा खालची टाकी, आणि ड्रेनेज. मुंबईत पाचवी गोष्ट लक्षात ठेवावी लागते, ती म्हणजे भरती. शहराचा मोठा भाग भराव टाकून तयार झालेला आहे. किनाऱ्याजवळच्या आणि सखल भागांत भरतीच्या वेळी जमिनीतलं पाणी वर येतं आणि पावसाळी नाल्यांचा निचराही मंदावतो.

यासाठी महागडं उपकरण लागत नाही, एक वही पुरते. पाणी कधी वाढलं, किती इंच वाढलं, त्या दिवशी पाऊस होता का आणि भरतीची वेळ काय होती, हे वॉचमनकडून दोन आठवडे लिहून घ्या. पाऊस नसतानाही भरतीच्या आसपास पातळी वाढत असेल, तर पाणी बहुधा जमिनीतून येतंय. पाऊस पडल्यावर तासाभरात रॅम्पच्या बाजूने येत असेल, तर तो उताराचा आणि जाळीच्या गटाराचा प्रश्न आहे, तिथे भिंतीला काही लावायची गरज नाही. बारा महिने एकाच कोपऱ्यात ओल असेल, तर टाकी किंवा पाइप तपासा.

टाकीची परीक्षा सोपी आहे. रात्री सगळे झोपल्यावर टाकीत येणारी लाइन आणि पंप दोन्ही बंद करा, पातळीवर खडूने खूण करा, पहाटे पुन्हा बघा. पातळी उतरली असेल, तर चोर सापडला.

आणखी एक स्वस्त साधन म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार (लिटरला किती मिलिग्रॅम) मोजायचा टीडीएस पेन. काही शेकड्यांत मिळतो. मुंबईला येणारं तलावांचं पाणी बरंच मृदू असतं, त्यामुळे नळाच्या पाण्याचा आकडा कमी येतो. आधी घरच्या नळाचं पाणी मोजा, मग तळघरात झिरपणारं. काँक्रीटमधून येताना पाणी थोडे क्षार उचलतं, म्हणून आकडा थोडा वाढलेला दिसणारच. पण तो हजारांत गेला, तर ते बहुधा नळाचं पाणी नाही असं समजा. समुद्राच्या पाण्याचा आकडा ३५,०००च्या आसपास असतो. किनाऱ्यालगतच्या इमारतीत खाऱ्या पाण्याचा अंश निघाला, तर गोष्ट फक्त ओलीपुरती राहत नाही, कारण मीठ आतल्या सळयांपर्यंत पोचतं.

हे सगळं जुलै-ऑगस्टमध्येच करायचं. गळती दिसत असतानाच ती शोधता येते. डिसेंबरमध्ये कोरड्या भिंतीवर अंदाजाने बोट ठेवून काढलेलं काम पुढच्या जूनमध्ये पुन्हा गळतं, हे मुंबईत इतक्या सोसायट्यांत घडलंय की त्यावर वेगळं लिहायला नको.

२. ओल आणि इमारतीचं दुखणं वेगळं करा

तळघराच्या किंवा स्टिल्टच्या (खांबांवरच्या मोकळ्या पार्किंग मजल्याच्या) प्रत्येक खांबाभोवती एकदा सावकाश फिरा. हातात लहान हातोडी घ्या आणि खांबाच्या तळाशी, जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत हलकेच ठोका. भरीव काँक्रीट खणखणीत वाजतं, सुटलेलं काँक्रीट ढबढब वाजतं. सळईच्या रेषेत उभा तडा दिसला तर आत गंज चढला आहे असं समजा. लोखंड गंजलं की मूळच्या कितीतरी पट जागा व्यापतं आणि वरचं काँक्रीट आतून फोडून बाहेर ढकलतं. अशा तड्यावर पुट्टी भरून रंग लावला, तर आजार नुसता झाकला जातो.

आता पाया. तळमजल्याची फरशी खचली की लोक ‘पाया खचला’ म्हणून घाबरतात. बहुतेक वेळा तसं नसतं. फरशीखाली भराव असतो. शेजारचं ड्रेनेज चेंबर गळत असेल किंवा घुशींनी बिळं केली असतील, तर तो भराव वाहून जातो आणि फरशी खाली बसते. खांब मात्र जागच्या जागी असतात. चेंबर दुरुस्त करून, भराव नीट धुम्मस करून पुन्हा फरशी बसवली की काम होतं.

पाया खरंच खचत असेल तर वेगळी लक्षणं दिसतात: खिडकीच्या कोपऱ्यातून तिरके जाणारे आणि वरच्या मजल्यांवरही त्याच रेषेत सापडणारे तडे, अडकायला लागलेली दारं, इमारत आणि कंपाउंड यांच्यात रुंदावणारी फट. शंका असलेल्या तड्यावर काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवा आणि तारीख लिहा. पट्टी फुटली, तर तडा अजून हलतोय. शेजारच्या प्लॉटवर पुनर्विकासाचं खोल खोदकाम सुरू होणार असेल, तर ते सुरू होण्याआधीच सगळ्या तड्यांचे तारखेसह फोटो काढून ठेवा. खोदकामात जमिनीतलं पाणी उपसलं जातं आणि त्याने आजूबाजूची माती बसू शकते. नंतर वाद झाला, तर हे फोटोच कामाला येतात.

३. खिशात हात घालण्याआधी: पैसे कोणी द्यायचे?

इमारत नवी असेल तर हा मुद्दा सगळ्यांत आधी तपासा. रेरा, म्हणजे घरखरेदीदारांसाठीच्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला दोष किंवा कामाच्या दर्जातली खोट लक्षात आणून दिली, तर ती तीस दिवसांत, कोणताही आकार न घेता दुरुस्त करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. तळघराची गळती यात बसते. तोंडी तक्रारीला किंमत नसते. फोटो, तारखा आणि ती वॉचमनची वही जोडून लेखी पत्र द्या, पोच घ्या, आणि उत्तर आलं नाही तर महारेरा या राज्याच्या प्राधिकरणाकडे जा. चार वर्षं झालेल्या इमारतीत सभासदांकडून वर्गणी काढून काम करून घेणं म्हणजे स्वतःचा हक्क सोडून देणं.

पाच वर्षं उलटली असतील, तर सोसायट्यांचे आदर्श उपविधी, म्हणजे नियमावली, पाहायची. पावसाच्या पाण्याची गळती, सामाईक पाइप आणि ड्रेनेजची गळती, गच्चीतून गळून सर्वात वरच्या मजल्याच्या छताला झालेलं नुकसान, हे सगळं सोसायटीच्या खर्चात येतं. फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूमची आणि सिंकची गळती त्या सभासदाची. तळघर, पाया आणि खांब सगळ्यांचे. ‘माझी गाडीच नाही, मी का देऊ?’ असं म्हणणारे काका प्रत्येक सभेत असतात. त्यांना शांतपणे सांगावं की त्यांचा पाचवा मजला याच खांबांवर उभा आहे.

म्हाडाच्या दुरुस्ती मंडळासाठी उपकर (सेस) भरणाऱ्या शहर भागातल्या जुन्या इमारतींचा मार्ग वेगळा आहे. त्यांनी आधी मंडळाच्या कार्यालयात चौकशी करावी.

४. स्ट्रक्चरल ऑडिट: इथे कंजुषी नको

मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३ब नुसार तीस वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे. उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतींनी पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्यांनी तीन वर्षांतून एकदा ते करायचं असतं. पण सक्ती आहे म्हणून कागद करून घेणं वेगळं आणि दुरुस्तीसाठी तपासणी करून घेणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात इंजिनीअरकडून चाचण्या मागा. रिबाउंड हॅमरने वरच्या थराचा कठीणपणा कळतो, अल्ट्रासोनिक चाचणीने आतली पोकळी आणि भेगा कळतात, हाफ सेल चाचणीने सळयांना गंज लागायची शक्यता कळते. कार्बोनेशनची (हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटचा अल्कधर्म कमी झाला का याची) चाचणी तर तुम्ही शेजारी उभं राहून पाहू शकता. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीनचा फवारा मारतात. निरोगी काँक्रीट गुलाबी होतं. जो भाग रंग बदलत नाही, तिथे काँक्रीटची सळईला जपायची ताकद संपलेली असते. रंग न आलेला थर सळईपर्यंत पोचलाय का, हे मोजपट्टीने मोजून अहवालात लिहायला लावा.

जमिनीखालचा खांब कसा आहे हे वरून दिसत नाही. म्हणून एक-दोन ठिकाणी खांबाशेजारी खड्डा खणून पाया उघडा पाहायला सांगा. हे काम इंजिनीअरच्या देखरेखीखालीच, एका वेळी एकच खड्डा, आणि पावसाळ्यात अजिबात नाही.

मध्यम सोसायटीला चाचण्यांसह ऑडिटला काही हजारांपासून दोन-अडीच लाखांपर्यंत खर्च येऊ शकतो. हा खर्च टाळून थेट कॉन्ट्रॅक्टरला बोलावलं, तर काम काय काढायचं हे तोच ठरवणार आणि त्याचं बिलही तोच करणार. ऑडिटर आणि कॉन्ट्रॅक्टर एकाच घरचे नसावेत.

अहवालात इमारतीचा वर्ग येतो. सी-१ म्हणजे धोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२अ मध्ये मोठी दुरुस्ती, तीही इमारत पूर्ण किंवा अंशतः रिकामी करून. सी-२ब मध्ये राहत्या इमारतीत मोठी दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सी-१ आल्यावर वॉटरप्रूफिंगचा विचार सोडून द्या, तिथे एक रुपयाही घालण्यात अर्थ नाही. दोन अहवाल परस्परविरोधी आले, तर पालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे प्रकरण नेता येतं. खांब-बीमच्या दुरुस्तीसाठी काय परवानगी लागते ते इंजिनीअरमार्फत वॉर्ड ऑफिसच्या इमारत व कारखाने विभागाकडून लेखी घ्या.

५. कोणत्या कामाला साधारण किती

पुढचे आकडे कोटेशन तपासताना दिशा मिळावी म्हणून आहेत. माल, जागा, उंची आणि वर्ष यांनुसार ते बदलतात. यावर १८ टक्के जीएसटी वेगळा धरा. तो विसरला म्हणून पहिल्याच दिवशी बजेट कोसळलेल्या सभा खूप असतात.

आधी एक गोष्ट समजून घ्या. जमिनीत भिंतीबाहेर एक मीटर उंच पाणी साचलं, की तळाशी दर चौरस मीटरला साधारण एक टन दाब येतो. अडीच मीटर पाणी असेल तर अडीच टन. त्या दाबापुढे आतून मारलेला वॉटरप्रूफ रंग टिकत नाही, तो फुगतो आणि पापुद्र्याने निघतो. खरा उपाय पाण्याच्या बाजूने, म्हणजे भिंतीबाहेरून करायचा असतो. इमारत बांधताना शहाबादी फरशीचं बॉक्स वॉटरप्रूफिंग (तळघराला खालून आणि बाहेरून आवरण) करतात ते यासाठीच. पण उभ्या इमारतीत कंपाउंड खणून बाहेरून काम करायला जागा क्वचितच मिळते. मग आतून दोन गोष्टी करतात.

पहिली, इंजेक्शन ग्राउटिंग. तडा किंवा तळाचा स्लॅब आणि भिंत यांच्यातला सांधा, इथे भोकं पाडून नळ्या बसवतात आणि दाबाने पीयू (पॉलियुरेथेन) रसायन भरतात. ते पाण्याशी संयोग होऊन फुगतं आणि वाट बंद करतं. त्यामुळे ते भर पावसातही करता येतं, हा त्याचा मोठा फायदा. एका नळीमागे ३०० ते ७०० रुपयांच्या आसपास दर असतो. गणित असं करा: नळ्या साधारण २० ते २५ सेंटिमीटरवर बसतात, म्हणजे मीटरला चार-पाच. तळघराचा सांधा ६० मीटर असेल तर २४० ते ३०० नळ्या. नळीला ५०० रुपये धरले तर एक लाख वीस हजार ते दीड लाख. कोटेशनमध्ये ६०० नळ्या दिसल्या, तर त्या कुठे बसणार हे नकाशावर खुणा करून मागा.

दुसरी, क्रिस्टलाइन लेप. हा काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांत शिरून स्फटिक तयार करतो, त्यामुळे आतल्या बाजूनेही चालतो. चौरस फुटाला ५० ते १०० रुपये. मात्र आधी प्लास्टर आणि जुना रंग खरवडून काँक्रीट उघडं करावं लागतं. तो खरवडण्याचा आणि डेब्रिज उचलण्याचा दर कोटेशनमध्ये वेगळा लिहिलेला आहे का ते बघा. नसेल तर तो नंतर ‘एक्स्ट्रा’ म्हणून येतो.

हे दोन्ही करूनही किनाऱ्याजवळच्या तळघरात थोडं पाणी येत राहील. ते मान्य करून भिंतीकडेने नाली आणि एक खड्डा करून त्यात फ्लोटवर चालणारे दोन पंप ठेवा, एक चालू आणि एक राखीव. पंपांना जनरेटरची जोडणी द्या, कारण जोराच्या पावसातच वीज जाते. बाहेर जाणाऱ्या पाइपला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह लावा, म्हणजे तुंबलेल्या गटाराचं पाणी उलटं येणार नाही. मीटर केबिन तळघरात असेल तर ती वर हलवण्याचा अर्ज वीज कंपनीकडे याच वेळी करून टाका. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तसा दिवस धरून पंपाची क्षमता कोणी ठरवत नाही, पण विजेचं पॅनेल किती उंचीवर असावं हे मात्र तसा दिवस धरूनच ठरवावं.

खांबांकडे वळू. वरवरचं नुकसान असेल तर सुटलेलं काँक्रीट काढून, सळया घासून, गंजरोधक आणि बाँडिंग लेप देऊन पॉलिमर मॉर्टर भरतात. चौरस फुटाला जाडीप्रमाणे १५० ते ३०० रुपये. सळईच बारीक झाली असेल तर नव्या सळया जोडून मायक्रो काँक्रीटचं (गोणीतून मिळणारं, पाणी घालून ओतायचं तयार मिश्रण) जॅकेट, म्हणजे खांबाभोवती नवा थर, घालतात, आणि इथेच बिलं फुगतात. तपासायची पद्धत अशी. समजा खांब २३० बाय ४५० मिलिमीटरचा आहे, चारही बाजूंनी ७५ मिलिमीटर जॅकेट घालायचं आहे आणि उंची २.७ मीटर आहे. बाहेरचं माप ३८० बाय ६०० झालं. दोन्ही क्षेत्रफळांची वजाबाकी करून उंचीने गुणलं की साधारण ३३६ लिटर येतात. २५ किलोच्या एका गोणीतून साडेबारा लिटरच्या आसपास मायक्रो काँक्रीट होतं. म्हणजे खडी न मिसळता सुमारे २७ गोण्या, कंपनीच्या सूचनेप्रमाणे बारीक खडी मिसळली तर त्याहून कमी. साइटवर रिकाम्या गोण्या मोजा. बिलात चाळीस दिसल्या तर विचारा. सळया, फर्मे, टेकू आणि मजुरी धरून असा एक खांब चाळीस-पन्नास हजारांच्या वर सहज जातो.

टेकूंबद्दल कधीही तडजोड करू नका. खांब फोडायच्या आधी त्यावरचा भार टेकूंवर घेतलाच पाहिजे, आणि शेजारशेजारचे खांब एकाच वेळी फोडायचे नाहीत. घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली इमारत २५ जुलै २०१७ला कोसळली आणि १७ जणांचा जीव गेला. तळमजल्यावर चाललेल्या बदलांत खांबांना धक्का लावल्याचा आरोप तेव्हा झाला. तुमच्या इमारतीत तळमजल्याच्या गाळ्यात कोणी दुकान नव्याने सजवत असेल, तर कमिटीने आत जाऊन खांब बघणं हा तिचा अधिकारही आहे आणि कर्तव्यही.

पाया खरोखर खचत असेल तर माती परीक्षण, अंडरपिनिंग (पायाखाली नवा आधार देणं) किंवा मायक्रो पाइल (जमिनीत खोल घातलेले बारीक खांब), अशी कामं निघतात. त्याला चौरस फुटाचा दर नसतो. प्रत्येक इमारतीचा आराखडा वेगळा, आणि रक्कम इतकी मोठी होते की जुन्या इमारतीत पुनर्विकासाचा पर्याय त्याच सभेत मांडावा.

६. निविदा, करार, हप्ते

इंजिनीअरकडून कामाची प्रत्येक बाब आणि तिचं माप लिहिलेलं बाबवार परिमाणपत्रक, ज्याला सगळे बीओक्यू म्हणतात, ते तयार करून घ्या आणि किमान तीन कॉन्ट्रॅक्टरांना तेच द्या. प्रत्येकाने आपापल्या मनाने काम लिहिलं तर तुलना करता येत नाही. एकरकमी ठेका टाळा, बाबवार दराचा करा. प्लास्टर काढल्यावर आत आणखी खराबी निघतेच, म्हणून १५-२० टक्के रक्कम राखीव धरून सभेत सांगा. आधी सांगितलं तर लोक समजून घेतात, मागून सांगितलं तर संशय घेतात.

पैसा उभा करताना सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी दरवर्षी साठवलेला निधी, वापरता येतो, त्यासाठी सर्वसाधारण सभेचा ठराव आणि आर्किटेक्टचा दाखला लागतो. कमी पडला तर मोठ्या दुरुस्तीची वर्गणी फ्लॅटच्या क्षेत्रफळावर लावायची. बांधकाम खर्चाच्या वर्षाला पाव टक्का सिंकिंग फंड आणि पाऊण टक्का दुरुस्ती निधी ही उपविधींतली किमान पातळी आहे. जुन्या इमारतीचा बांधकाम खर्च तेव्हाच्या भावाने मोजलेला असतो, त्यामुळे हा निधी आजच्या कामाला अपुराच पडतो. सभेने दर वाढवून घेतलेला बरा.

काम नोव्हेंबर ते मे या काळात बसवा. हप्ते तारखेप्रमाणे देऊ नका, झालेल्या मोजमापाप्रमाणे द्या, आणि मोजमापावर इंजिनीअर, कॉन्ट्रॅक्टर आणि कमिटी तिघांच्या सह्या हव्यात. सळया झाकण्याआधी प्रत्येक खांबाचा नंबर लिहून फोटो काढा. गॅरंटी स्टँप पेपरवर घ्या, आणि त्यात कोणत्या भागाची, किती वर्षं आणि तक्रार केल्यापासून किती दिवसांत येणार हे लिहून घ्या. नुसतं ‘दहा वर्षं गॅरंटी’ याला अर्थ नाही.

बिलाचे किमान पाच टक्के राखून ठेवा आणि ते एक पूर्ण पावसाळा गेल्यावरच सोडा. तो पावसाळा वॉचमनची वही पुन्हा सुरू करा, त्याच खुणांवर तीच नोंद. सप्टेंबरअखेर वही आणि इंजिनीअरचा शेरा समोर ठेवून शेवटचा चेक द्यायचा की कॉन्ट्रॅक्टरला पुन्हा बोलवायचं, ते ठरवा.